फ्लॅग पडला! बुद्धिबळातले भांडणाचे डाव (तुमचेही येऊ द्या)

गिरगावकर_माळ्यावरून:
गणपती तोंडावर आलेत म्हणून बायकोने माळा आवरायला लावला आणि मखराच्या थर्माकोलखाली चेसचं जुनं घड्याळ सापडलं. चावीचं, दोन तोंडाचं. चावी दिली तर डावी बाजू टिकटिक करायला लागली, उजवी मेलेलीच आहे. आणि मला एकदम १९९४ आठवलं.
चाळीच्या उत्सवातली स्पर्धा, १५-१५ मिनिटं. मी एक हत्ती वर, पण माझ्याकडे जेमतेम मिनिट. समोरचा बाजूच्या चाळीतला. त्याची लाल झेंडी, म्हणजे फ्लॅग, पडली (वेळ संपली की पडते) ते ना त्याने बघितलं ना मी, दोघं पटात डोकं घालून. त्याने चाल करून घड्याळ दाबलंसुद्धा, म्हणजे आता माझी वेळ सुरू. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आमच्या शेजारचे काका ओरडले, "अरे पडला! पडला त्याचा!" मी हात वर केला. तो म्हणे बाहेरच्याने सांगितलेलं चालत नाही. मग जी बोंबाबोंब झाली, दोन चाळी आमनेसामने, पंच नियमांची झेरॉक्स शोधतायत, त्यांना कोणीतरी चहा आणून दिला... आणि या सगळ्यात घड्याळ थांबवायचं कुणालाच सुचलं नाही. माझंच चालू होतं. बघतो तर माझाही फ्लॅग पडलेला. दोन्ही पडले, बरोबरी. अर्ध्या पॉइंटने पहिला नंबर गेला, स्टीलचा डबा मिळाला. डबा अजून आहे, त्यात डाळ असते.

अडीचघर:
😂😂 डाळ कुठली?

गिरगावकर_माळ्यावरून:
तूर

मुलुंडची_माऊ:
माझ्या आईने मला हरवलंय. समोर बसून नाही, फोन करून. कॉलेजात असताना स्पर्धेला फोन सायलेंट करायची विसरले, जिंकत आलेला डाव, आणि बॅगेत वाजला. वाजला की डाव गेला, तेव्हा थेट हार द्यायचे. पंचांनी घड्याळ थांबवलं, समोरची मुलगी बिचारी सॉरी म्हणाली मलाच. बाहेर येऊन फोन लावला तर आई म्हणते "डबा खाल्लास का?"

ई४_ई५_चहा:
माऊ, एकटी नाहीस. २००३ मध्ये बल्गेरियात प्लोव्हदिवला युरोपियन टीम चॅम्पियनशिपला पोनोमारिओव्हचा फोन वाजला आणि तो डाव हरला, आणि त्या दिवशी त्याचा विसावा वाढदिवस! तेव्हा फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) वर्ल्ड चॅम्पियन होता बरं का. शुभेच्छाच असणार कुणाच्या तरी

मुलुंडची_माऊ:
आईला वाचून दाखवते हे

लोकल_८_०२:
उभ्याने टाईप करतोय चुका समजून घ्या. मी हत्ती आणि राजा, समोर नुसता राजा, दोन-तीन चालींत मात होती आणि माझा फ्लॅग पडला. त्याचे बाबा दोरीपलीकडून "क्लेम कर क्लेम कर" खाणाखुणा करतायत, त्याने केला, त्याला वाटलं जिंकलो. पंच म्हणाले नुसत्या राजाने मात होऊच शकत नाही म्हणून बरोबरी. मग बाबा आत येऊन पंचांनाच शिकवायला लागले. मला रडूही येत होतं आणि हसूही. अर्धा पॉइंट कुठून आला ते मला तरी कुठे माहीत होतं

अडीचघर:
पालकांना दोरीच्या आत सोडतात तिथेच संपलं. माझा मुलगा आठ वर्षांचा, पालक मोबाईलवर झूम करून पट बघतात आणि खोकतात. दोनदा खोकला म्हणजे काय ते त्यांनाच माहीत.

दादरची_आजी:
आमच्याकडे घड्याळ नव्हतंच. कुकर. तिसऱ्या शिट्टीपर्यंत चाल नाही केली तर हरलास. सासरे हरायला लागले की स्वयंपाकघरात येऊन गॅस बारीक करायचे.

ई४_ई५_चहा:
आज्जी 🙏🙏🙏 याला म्हणतात आऊटसाईड इंटरफिअरन्स

बोरिवली_बिशप:
मोठ्यांचंही तेच चालतं. २०१७ ला रियाधला वर्ल्ड ब्लिट्झमध्ये (झटपट डावांच्या जागतिक स्पर्धेत) तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियन कार्लसनने रशियाच्या इनार्किएव्हला शह दिला, त्याने तो सोडवलाच नाही, उलट घोड्याने शह दिला. कार्लसनने घाईत राजा हलवला आणि इनार्किएव्हने घड्याळ थांबवून, कार्लसनचीच चाल नियमबाह्य म्हणत डाव मागितला! पंचांनी दिलाही आधी. मग अपील, मग डाव पुढे खेळा म्हणाले, तर हा खेळेना, पॉइंट कार्लसनला. आपल्या चाळीत निदान चहा तरी मिळाला असता. हल्ली डिजिटल घड्याळात चालीमागे दोन-तीन सेकंद वाढत असल्याने नुसत्या फ्लॅगवरची भांडणं कमी झाली, नाहीतर शेवटच्या मिनिटात सोंगट्या जमिनीवर आणि हात घड्याळावर.

लोकल_८_०२:
बिशप नव्हे उंट म्हणा. घाटकोपरला गर्दी वाढली, बाय

अडीचघर:
@गिरगावकर घड्याळ विकणार का? उजवी बाजू मी करून घेईन, ओळखीचे घड्याळजी आहेत

गिरगावकर_माळ्यावरून:
नाही रे. उजवी बाजू त्याची होती, ती बंदच राहू दे 😄

मुलुंडची_माऊ:
आणि गॅलरीतले काका?

गिरगावकर_माळ्यावरून:
गेले, बरीच वर्षं झाली. जिन्यात भेटले की दरवेळी तेच, "मी ओरडलो ते बरोबरच होतं, घड्याळ तू का नाही थांबवलंस?" लग्नाच्या मांडवातही म्हणाले. बायकोने विचारलं कसलं घड्याळ. चला, मखर उतरवायचंय अजून, ती खालून हाका मारतेय