छताची नक्षीपट्टी (कोव्हिंग, कॉर्निस) घरच्या घरी: अनुभव लिहा

ओळंबा
रंगकामाच्या धाग्यावर जुन्या घराच्या छताकडेच्या नक्षीचा फोटो पाहिला आणि ओल्या पीओपीवरून पत्र्याचा साचा ओढत अखंड पट्टी काढणारे मिस्त्री आठवले. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. तयार पट्ट्या मात्र जमतात. माहीतगारांनी लिहा, आकड्यांसकट.

सुरुवात हिशोबाने. खोली १२ × १० फूट, म्हणजे घेर ४४ फूट. पीयूची (पॉलियुरेथेन, कडक फोमसारखं प्लास्टिक) पट्टी दुकानदार ‘आठ फुटी’ म्हणून देतो, पण ती बहुधा २.४ मीटर असते, म्हणजे ७ फूट साडेदहा इंच. त्यामुळे १२ फुटी भिंतीला एक अख्खी लावली की ४ फूट दीड इंच उरतं, आणि एका पट्टीतून असे दोन तुकडे निघत नाहीत. मोठ्या दोन भिंतींना ४ पट्ट्या, छोट्या दोन भिंतींना २, आणि छोट्यांचे सव्वादोन फुटी तुकडे आधीच्या उरल्यासुरल्यातून. झाल्या ६. सातवी घ्याच, एखादा कोपरा उलटा कापला जातोच.

चिकटवायची नळी: ३०० मिलीच्या नळीतून ६ मिमी जाडीची धार काढली तर साधारण १० मीटर जाते. धारा दोन लागतात, एक भिंतीच्या कडेला, एक छताच्या. म्हणजे एका नळीत ५ मीटर पट्टी. ४४ फुटांना ३ नळ्या.

पुट्टीपंडित
पट्टी पडते तेव्हा लोक गमला शिव्या देतात. पडलेल्या पट्टीची मागची बाजू बघा, तिला डिस्टेंपरचा पापुद्रा लागलेला असतो. गम रंगाला धरून बसला, रंगाने भिंत सोडली. पट्टीचा तुकडा कोपऱ्यात धरून दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, सूत मारा, आणि दोन रेघांच्या आतला चुना, डिस्टेंपर खरवडून काढा. ऑइल पेंट असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवा. नंतर ओल्या फडक्याने धूळ पुसून वाळू द्या.

वरच्या मजल्याला स्लॅब झिरपत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग. पावसाळ्यात लावूच नका.

मेथीचा_लाडू
थर्माकोलची पट्टी स्वस्त आणि हलकी, पण तिला उग्र वासाचा रबरी गम लावलात तर थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक गम घ्या. रंगही पाण्यातलाच, ऑइल पेंट नको. स्वयंपाकघरात थर्माकोल अजिबात नको, पेट घेतो.

ता.क. तो फोटो कुठल्या वाड्याचा आहे?

कट्टाकर
@मेथीचा_लाडू वाडा नाही हो, चाळ आहे. पहिल्या मजल्यावर अजून शिलाईचं दुकान आहे.

गुण्यात_नाही
मुद्द्याचं बोलू, म्हणजे कोपरे.

मायटर बॉक्समध्ये (तिरकं कापायला खाचा असलेला करवतीचा साचा) पट्टी उलटी ठेवतात. छताची कड बॉक्सच्या तळाला, भिंतीची कड उभ्या बाजूला. हे बॉक्सवर मार्करने लिहूनच ठेवा. आतल्या कोपऱ्यात भिंतीची कड लांब राहते आणि छताची आखूड. खांबाच्या किंवा बाहेर आलेल्या कोपऱ्यात बरोबर उलट. डावा-उजवा गोंधळ होणारच, म्हणून फूटभर तुकड्यांचे चार नमुने आधी कापा (आतला डावा, आतला उजवा, बाहेरचा डावा, बाहेरचा उजवा), त्यावर नावं लिहा आणि दर वेळी तेच भिंतीला लावून बघा.

फ्लॅटचे कोपरे गुण्यात (बरोबर काटकोनात) नसतात. ९२ अंशाच्या कोपऱ्यात ४५-४५ कापलं तर फट दिसते, कापायचं ४६-४६. पुठ्ठ्यावर दोन्ही भिंतींच्या रेघा ओढून मधोमध दुभागा, तोच तुमचा कोन. बारीक दातांची करवत, आणि दाब न देता. दाबलं की नक्षीच्या कडा उडतात.

सरळ भिंतीवरचा जोड काटकोनात नको, तिरका कापून एकावर एक बसवा. दोन्ही टोकांनाही गम लावा, नाहीतर हिवाळ्यात पट्टी आकसून केसाएवढी रेघ उघडते.

स्लाऊवाली
इकडे यूकेत कागदी आवरणाची जिप्समची मिळते, १०० किंवा १२७ मिमी रुंद, ३ मीटरची. जड आहे, दोन माणसं हवीतच. पावडर गम श्रीखंडासारखा घट्ट कालवायचा, थापी उलटी केली तरी पडता कामा नये. अर्ध्या तासात घट्ट होतो, त्यामुळे एका वेळी एका पट्टीपुरताच. भांडं दर वेळी धुवा. जुना सुकलेला गम राहिला की नवा लवकर आवळतो. पट्टीखाली भिंतीत दर २ फुटांवर खिळा ठोकून टेकू द्या, दुसऱ्या दिवशी काढून भोकं बुजवा.

सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या घराचं खडबडीत नक्षीचं छत असेल तर खरवडू नका, घासू नका. इथे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली, त्याआधीच्या आर्टेक्समध्ये (छताचा तो खडबडीत लेप) ते असू शकतं. आधी नमुना तपासून घ्या.

पुट्टीपंडित
+१. आणि फटीत सिलिकॉन भरू नका, त्यावर रंग धरत नाही. ॲक्रिलिक फिलर भरा, ओल्या बोटाने सारखा करा, वाळला की बसतो, मग दुसरा हात.

सुई_दोरा
भाजी फोडणीला टाकून लिहितेय. लॉफ्टची दारं छताला भिडतात का ते कुणी बघत नाही!! पट्टी लागली की दार उघडतच नाही. पडद्याचा रॉडही. खिडकीच्या वर किती जागा आहे ते आधी मोजा.

कट्टाकर
हीच पट्टी लावून आत एलईडी सोडली तर?

गुण्यात_नाही
ती वेगळी पट्टी. छताला चिकटवलेली असेल तर प्रकाश बाहेर येणार कुठून? लाईटवाली फक्त भिंतीला बसते, छतापासून ३-४ इंच खाली, आणि वजन असेल तर स्क्रू-गिट्टीसकट. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) हाताला येईल अशा जागी ठेवा, आधी बिघडतो तोच. भोक पाडण्यापूर्वी पंख्याच्या वायरची पाइप कुठून गेलीय ते बघा.

सुई_दोरा
आणि एसी?

ओळंबा
बहुतेक स्प्लिट एसी वरून हवा आत ओढतो. पुस्तिकेत छतापासून जे अंतर दिलंय ते पट्टीच्या खालच्या कडेपासून मोजायचं. बसत नसेल तर एसी खाली घ्या, किंवा पट्टी दोन्ही बाजूंना ६ इंच अलीकडे थांबवा आणि टोक काटकोनात आत वळवून भिंतीला मिळवा. त्या वळणासाठी तीन इंचाचा बाहेरच्या कोपऱ्याचा तुकडा लागतो, कापताना बोटं सांभाळा.