एकट्या माणसाने युरोपात कॅम्परव्हॅन घ्यावी का? (म्युनिक – स्लोव्हेनिया – क्रोएशिया – इटली)

हिशेबनीस

भारतीय पासपोर्ट, सप्टेंबर महिना, भाड्याची गाडी आणि चालवणारा एकटा, एवढं धरून लिहितोय. मार्ग नेहमीचाच: म्युनिक, साल्झबर्ग, टाउर्न बोगदा (ऑस्ट्रिया), ब्लेड आणि सोचाचं खोरं (स्लोव्हेनिया), इस्त्रिया (क्रोएशिया), व्हेनिस, बोल्झानो, ब्रेनर खिंड आणि परत म्युनिक. साधारण १६०० किमी, बारा दिवस.

माझं म्हणणं: माणूस एकटा असेल तर फियाट डुकाटोच्या जातीची कॅम्परव्हॅन (आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी व्हॅन) हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. छोटी कार घ्यावी आणि खोलीत झोपावं.

भाव वर्षागणिक हलतात, म्हणून हे आकडे अंदाजाचे धरा. व्हॅन रोज ११० युरोने १३२०. गॅस, टॉयलेटचं रसायन, ताबा देण्या-घेण्याचं म्हणून एकरकमी सेवाशुल्क लावतात, ते १५०. शंभर किमीला १० लिटरने १६० लिटर डिझेल, १.७० भावाने २७२. कॅम्पसाइटच्या अकरा रात्री, ३२ ने ३५२. झाले २०९४. आता कार: रोज ४५ ने ५४०, पेट्रोल १७५, अकरा रात्री साधी खोली ७० ने ७७०. एकूण १४८५. फरक सहाशे युरोंचा. दोघं असली तर तो वाटला जातो, एकट्याच्या डोक्यावर सगळा बसतो. कॅम्पसाइटवाले जागेचे पैसे वेगळे लावतात आणि माणशी वेगळे, त्यामुळे एकट्याला जागेचा अख्खा दर पडतो. सवलतीच्या कार्डांचे दरसुद्धा दोन माणसं धरूनच ठरवलेले असतात.

वर हजार-दीड हजार युरोंचं डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकतं. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही.

गवतीचहा

हिशेबनीस, जेवण कुठंय तुमच्या हिशेबात? सोचाच्या खोऱ्यात किंवा इस्त्रियातल्या रोविन्यमध्ये दोन वेळ बाहेर जेवायचं म्हटलं तर दिवसाला तीस-पस्तीस युरो जातात, आणि शाकाहारी माणसाने रोज पिझ्झाच खायचा. व्हॅनमध्ये दहा-बारा युरोंत चहा-पोहे-वरणभात सगळं होतं. बारा दिवसांत अडीचशे युरो तिथेच सुटले.

दोन बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक खोल तवा, बास. रोज तासभर शेगडी चालली तर १२० ते १५० ग्रॅम गॅस जातो. म्हणजे ११ किलोची टाकी नुसत्या स्वयंपाकाला संपता संपत नाही. ती भरलेली आहे का हे गाडी ताब्यात घेताना उचलून बघायचं, कारण जर्मनीची डिपॉझिटवाली टाकी स्लोव्हेनियात किंवा इटलीत कुणी बदलून देत नाही. जोडणीचे आटेच वेगळे.

फोडणीच्या वेळी छताची खिडकी उघडी आणि एक बाजूची फट उघडी. जमिनीत जी जाळीदार भोकं असतात त्यांवर पायपुसणं टाकू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळाला तर तिथूनच खाली निघून जातो.

आणि घरून साजूक तूप, पेढे, चक्का काही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही अडतो. मसाले, डाळी, भाजके पोहे खुशाल न्या.

बॅटरीबाबा

इंडक्शन नेण्याचा विचार कुणी करत असेल तर आत्ताच सोडा. भाड्याच्या व्हॅनमध्ये बहुधा ९५ अँपिअर-तासांची एजीएम (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) बॅटरी असते, आणि तिचा निम्माच वापर करायचा. हातात उरले ४७. कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळी दिवसात ३०-३५ खातो, दिवे-पंप-मोबाइल मिळून आठ-दहा. म्हणजे गाडी न हलवता दिवसभर ठीक, दुसऱ्या सकाळी फ्रिज बंद पडायला आला. दोन हजार वॅटची शेगडी १२ व्होल्टवर १६५ अँपिअरच्या पुढे मागते. वायरच तेवढी जाड नसते.

कॅम्पसाइटच्या खांबाला जोडलं तरी डोळे मिटून किटली लावू नये. निळा तीन पायांचा प्लग बघून १६ अँपिअर गृहीत धरतात. जुन्या साइटवर मागचा फ्यूज ६ अँपिअरचा असतो, ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. १८०० वॅटची किटली लावली की खांबाचा फ्यूज उडतो, खांबाला कुलूप असतं आणि ऑफिस रात्री बंद. केबल रीळवर गुंडाळलेली ठेवून जास्त भार देऊ नका, तापते. पूर्ण उलगडायची.

हिशेबनीस

जेवणाचे अडीचशे धरले तरी साडेतीनशे उरतातच. पण पैशाचं सोडा. "वाटेल तिथे थांबा, वाटेल तिथे झोपा" ही जी जाहिरात चालते ना, तिला या मार्गावर आधार नाही. क्रोएशियात कॅम्पसाइटबाहेर गाडीत मुक्काम करायला बंदी आहे, दंड होतो आणि किनाऱ्यावर पोलीस पहाटे काचेवर टकटक करतात. स्लोव्हेनियातही तेच, त्यातून ट्रिग्लाव्ह राष्ट्रीय उद्यानात तर विचारूच नका. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये कॅम्पसाइटबाहेर कॅम्पिंगला मनाई. जर्मनीत मात्र जिथे पार्किंग कायदेशीर आहे तिथे गाडी चालवण्याइतकी विश्रांती मिळावी म्हणून एक रात्र झोपता येतं, पण खुर्ची बाहेर काढली किंवा छत उघडलं की ते कॅम्पिंग झालं.

मग रोज संध्याकाळी कॅम्पसाइटच गाठायची असेल तर खोली गाठायला काय हरकत?

गवतीचहा

हरकत ही, की खोली गावात असते आणि गावात गाडी नेता येत नाही! व्हेनिसचंच घ्या. फुझीना किंवा पुंता साब्बियोनीच्या कॅम्पसाइटवर व्हॅन लावायची, तिथून बोट थेट शहरात. कारवाल्याने व्हेनिसच्या तोंडाशी पियाझाले रोमाच्या पार्किंगला पैसे भरायचे, नाहीतर अलीकडे मेस्त्रेत हॉटेल शोधायचं.

तिसरागिअर

दोघंही रस्त्याबद्दल बोलत नाही आहात, म्हणून थोडं सविस्तर.

उंची. डुकाटोवरची उंच छताची व्हॅन २.६ ते २.७ मीटर भरते. सुपरमार्केटच्या तळघरातल्या आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या पार्किंगला आडवा दांडा २.० किंवा २.१ मीटरवर. गाडी ताब्यात घेतली की उंची, रुंदी (आरसे धरून सुमारे २.५ मीटर), लांबी आणि कमाल वजन कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. कारण छताचं आणि पोटाखालचं नुकसान बहुतेक भाडेकरारांच्या विम्यात येतच नाही. टायर, काच आणि आतलं फर्निचर हे वेगळे पैसे भरूनच येतं. "पूर्ण विमा" या दोन शब्दांवर सही करू नये. काय वगळलं आहे त्याचं पान मागून घ्यावं.

शेपूट. मागच्या चाकामागे बराच भाग लोंबतो. उजवीकडे वळताना तो डावीकडे झुकतो आणि खांब, झाड, शेजाऱ्याचा आरसा घेतो. एकट्याला मागून हात दाखवणारं कुणी नसतं, त्यामुळे रिव्हर्स घेण्याआधी इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, उतरून एक फेरी मारायची आणि वर बघायचं. फांद्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत. उतारावर गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकाखाली ठेवायच्या पाचरीवर चढतानाही तीच अडचण. पाचर चाकाला चिकटवून ठेवा, मोबाइलवर लेव्हलचं ॲप लावून डॅशबोर्डवर ठेवा, पहिल्या गिअरमध्ये क्लचवर सावकाश. पुढे टोकापलीकडे गेलात तर चाक धपकन खाली येतं, म्हणून पाचरीच्या पुढे एक वीट.

घाट. व्हर्शिच खिंड १६११ मीटर, ५० वळणं, त्यातली क्रान्यस्का गोराच्या बाजूची दगडी फरसबंद. पावसात ती गुळगुळीत होतात. सहा मीटरच्या गाडीला तिथे जायचं कारण नाही. येसेनित्से, क्रान्यस्का गोरा, तार्विझिओ, प्रेदेल खिंड, बोवेत्स असा फेरा घ्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, कसारा उतरणाऱ्या ट्रकवाल्यांचाच नियम. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तापलेलं ब्रेक फ्लुइड उकळतं आणि पेडल मऊ पडतं.

ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव. निळ्या झाकणाची टाकी वेगळी, डिझेलची वेगळी. इशारा येऊनही टाळत गेलात तर टाकी रिकामी झाल्यावर इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. चुकून ॲडब्लू डिझेलमध्ये गेलं तर चावी फिरवायची नाही, टो करून न्यायची.

टोल. ऑस्ट्रियाचं विन्येट (मोटरवेचा मुदतीचा पास) साडेतीन टनांपर्यंत कारच्याच दराने, पण टाउर्न, कारावांकेन (स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा बोगदा) आणि ब्रेनर यांचा टोल निराळा. स्लोव्हेनियाचं विन्येट गाडीच्या नंबरावर ऑनलाइन, आणि मोटारहोम उंच असली तरी २ए गटात येते. २बी घेऊन दुप्पट पैसे भरू नका. इटलीत मात्र पुढच्या चाकांवरची उंची १.३ मीटरच्या वर म्हणून टोलचा गट बी. इटालियन गावांच्या तोंडाशी लाल वर्तुळाची झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत जायचं नाही. कॅमेरा नंबर टिपतो, दंड महिन्यांनी येतो, आणि भाडे कंपनी तुमचा पत्ता कळवण्याचे पैसे आधीच कार्डावरून कापून घेते.

विसाखिडकी

शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज जिथे सर्वाधिक रात्री तिथल्या दूतावासाकडे, रात्री समान असतील तर जिथे पहिला प्रवेश तिथे. म्युनिकला उतरताय म्हणून जर्मनीकडे अर्ज आणि रात्री मात्र इस्त्रियात सहा, असं चालत नाही. "जमेल तसं फिरू" हे अर्जात लिहायची सोयच नाही. रात्रवार तक्ता, व्हॅनच्या आरक्षणाचा कागद, कॅम्पसाइटची रद्द करता येणारी आरक्षणं आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा जोडायचा. तो वैद्यकीय विमा, गाडीचा नव्हे.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जुन्या लेखांतला "क्रोएशियाचे दिवस वेगळे" हा सल्ला विसरा. दुब्रोवनिकपर्यंत वाढवायचं असेल तर पेल्येशात्स पुलावरून जा. जुलै २०२२ मध्ये तो सुरू झाल्यापासून बोस्नियाच्या नेउमच्या पट्टीतून जावं लागत नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर त्या दहा किलोमीटरसाठी शेंगेनबाहेर पाऊल टाकलं की परतीचं दार बंद.

आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना) आरटीओकडून, परिवहन पोर्टलवर अर्ज करून. वैधता एक वर्ष. सोबत मूळ लायसन्स हवंच, नुसती आयडीपी म्हणजे काहीच नाही. बोस्निया, अल्बानिया यांसारख्या देशांत गाडी न्यायची तर भाडे कंपनीची लेखी परवानगी.

सावली

एकटीने जाणाऱ्या बायका हा धागा वाचतील म्हणून. हिशेबनीसांची खोली रात्री अकराला अनोळखी गावात शोधण्यापेक्षा कॅम्पसाइट मला जास्त सुरक्षित वाटते. फाटक असतं, आजूबाजूला कुटुंबं असतात. टाळायची जागा म्हणजे मोटरवेवरचं विश्रांतिस्थळ. चोऱ्या तिथे होतात. ड्रायव्हरच्या सीटवर सामान ठेवायचं नाही आणि गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेने, म्हणजे खाली न उतरता निघता येतं.

"गाडीत गुंगीचा वायू सोडून लुटतात" हे व्हॉट्सॲपवरचं भूत आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने जाहीरपणे सांगितलंय की असं होणं अशक्यप्राय आहे. खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. उबेसाठी शेगडी पेटवून झोपू नका, अलार्म झोपण्याच्या उंचीवर लावा.

मधलीवाट

डुकाटो नको, खोलीही नको. फोक्सवॅगन कॅलिफोर्नियाच्या आकाराची गाडी घ्या. पाच मीटर लांब, दोन मीटरच्या आसपास उंच, आठ लिटरच्या आत डिझेल.

हिशेबनीस

आणि टॉयलेट? तिच्यात नसतं. मग कॅम्पसाइटशिवाय पर्याय नाही आणि भाडंही डुकाटोइतकंच, कधी जास्त. तंबू-कार केलीत तर निम्म्यात.

गवतीचहा

टॉयलेटवरून एवढं अडू नका. डुकाटोतल्या टॉयलेटच्या कॅसेटमध्ये (बाहेर काढता येणाऱ्या मैल्याच्या टाकीत) १७ ते १९ लिटर मावतात, एकट्याला तीन-चार दिवस आरामात. भरल्याच्या लाल दिव्याची वाट न बघता तिसऱ्या दिवशी रिकामी करायची. नळी बाहेर वळवायची, हवेचं बटण दाबून धरून ओतायचं, नाहीतर गचके देत अंगावर उडतं. दोनदा विसळायची, मग दोन लिटर पाणी आणि रसायनाची पुडी. कॅसेटची जागा वेगळी आणि भांड्यांच्या पाण्याची वेगळी, आणि पिण्याच्या नळावर कॅसेट धुणाऱ्याला कॅम्पसाइटवाले हाकलतात, ते बरोबरच आहे.

शिवाय एकट्याचा एक फायदा तुम्ही मोजलाच नाही, वजन. साडेतीन टनांच्या व्हॅनमध्ये सामान-माणसांसाठी चार-पाचशे किलो उरतात. चौघांचं कुटुंब, सायकली आणि शंभर लिटर पाणी धरलं की ऑस्ट्रियाच्या वजनकाट्यावर दंड ठरलेला. एकट्याला ती चिंताच नाही.

नवखा_प्रश्न

नोव्हेंबरात भाडं बरंच उतरतं. तेव्हा हाच मार्ग?

बॅटरीबाबा

भाडं उतरतं ते गॅसमध्ये भरा. ट्रुमा कंपनीचा गॅसवरचा कॉम्बी हीटर मंद आचेवरही तासाला १६० ग्रॅम गॅस घेतो. दहा तासांची रात्र म्हणजे १.६ किलो, कडाक्याच्या थंडीत त्याच्या दुप्पट. ११ किलोची टाकी तीन ते सहा रात्री. डिझेल हीटरची व्हॅन मिळाली तर हा प्रश्न मिटतो, आरक्षणाच्या वेळी तेवढं विचारून घ्या.

तिसरागिअर

ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. ग्रोसग्लॉकनरचा उंच घाटरस्ता तोवर बंद होतो. इस्त्रियातल्या बऱ्याच कॅम्पसाइट ऑक्टोबरातच कुलूप लावतात, म्हणजे हिशेबनीसांचा "झोपायचं कुठे" हा मुद्दा तेव्हा दुप्पट खरा. नोव्हेंबरच हवा असेल तर क्रोएशिया गाळा आणि वर्षभर उघड्या साइट आधी फोन करून पक्क्या करा.

हिशेबनीस

किंवा खोली घ्या.