आधी शंट, मग ट्यूमर? सरसकट कसं काय?

रातपाळी: काल इथे एकाने ठोकून दिलं की पिट्युटरीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीचा) मोठा ट्यूमर आणि मेंदूत पाणी साठलेलं असेल तर डोळे झाकून आधी शंट (ते पाणी शरीरात दुसरीकडे उतरवणारी कायमची नळी) टाका, गाठीचं नंतर बघू. डोकंच सणकलं. अहो, पाणी तुंबतंय कशाने? गाठ वर चढते, तिसरं व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याची मधली पोकळी) दाबते, फोरामेन ऑफ मन्रो (दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांतून तिथे येणारी वाट) बुजतं, आणि दिवसाला अर्धा लिटर पाणी तर तयार होतच राहतं. गाठ काढली की बऱ्याच जणांची वाट मोकळी होते, शंट लागतच नाही. शिवाय दोन्हीकडची वाट बंद असेल तर एका बाजूच्या शंटने दुसरी बाजू तशीच फुगलेली राहते.

काठावर: तुम्ही पेशंटजवळ बसला नव्हतात. माझा धाकटा भाऊ सकाळी उलट्या करत होता, दुपारी हाक मारली तर डोळे उघडेना. तेव्हा काय गाठ काढत बसायचं? रात्रीच नळी टाकली, मी ते थेंब पडताना बघत बसले, पहाटे त्याने पाणी मागितलं.

रातपाळी: ती ईव्हीडी, मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी तात्पुरती नळी. जिवावर बेतलं तर हवीच, मी कुठे नको म्हटलं? पण जितके दिवस आत तितका इन्फेक्शनचा धोका.

निळा_कागद: दोघंही भांडताय पण प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं एक हार्मोन, काही गाठी ते भरमसाट बनवतात) तपासलं का हे कुणी विचारत नाही! बायकोचं थोडंसंच वाढलेलं आलं, ऑपरेशनची तारीख ठरली, मग एका ज्युनियर डॉक्टरने सॅम्पल पातळ करून पुन्हा लावायला सांगितलं आणि आकडा हजारांत गेला. हूक इफेक्ट, म्हणजे हार्मोन अतोनात असलं की टेस्टच फसते आणि आकडा कमी दाखवते. कॅबरगोलिनच्या गोळ्यांवर गाठ आकसली, ऑपरेशन टळलं.

काठावर: बेशुद्ध माणसाला गोळी देऊन आठवडे थांबायचं? काहीही काय बोलता!

निळा_कागद: शब्द तोंडात घालू नका. नळी टाका, पण रक्त आधी तपासायला घ्या, कॉर्टिसॉलसकट (शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन). कॉर्टिसॉल पडलेलं असेल तर स्टिरॉइडशिवाय टेबलावर घेणं जिवाशी खेळ आहे.

रातपाळी: आणि गाठ झपाट्याने आकसली तर नाकातून मेंदूचं पाणी गळू शकतं, तेही लिहा.

निळा_कागद: माहीत आहे. खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब पडला तर सर्दी समजू नका, हे आम्हाला बजावलं होतं.

कालचा_पोस्टवाला: बरं, ‘डोळे झाकून’ मागे घेतो. पण नाकातून गाठ काढूनही प्रेशर राहिलं तर तिथलं बुजवलेलं भोक टिकत नाही, पाणी गळतं, मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन) होतो. तेव्हा शंट लागतोच.

रातपाळी: तेव्हा लागतो, मान्य. पण गळती न बुजवता शंट चालू ठेवला तर हवा कवटीत ओढली जाते. क्रम महत्त्वाचा, एवढंच मी पहिल्यापासून सांगतोय.

काठावर: भावाची गाठ सातव्या दिवशी काढली, मग नळी बंद करून दोन दिवस बघितलं, डोकं दुखलं नाही, सीटीही बरा आला, तेव्हाच काढली. शंट नाही लागला, तेवढं तुमचं खरं. पण पहिल्या रात्रीच्या नळीबद्दल मला कुणी शिकवू नका.