मदत हवी आहे: घरामागची काळी माती दगड झालीये, सोडलेली गांडुळंही गायब

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, राजेंद्र नगर. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, माती आपली माळव्याची काळी. तीन वर्षांपूर्वी घराचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराची वाळू, गिट्टी, मिक्सर, ट्रॅक्टर सगळं तिथंच नाचलं. तेव्हापासून पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी तुंबतं आणि मे महिन्यात अशा भेगा पडतात की पोराचा टेबल टेनिसचा बॉल आत गेला तो गेलाच. नर्सरीतून किलोभर गांडुळं आणली, खड्डे करून सोडली, वरून पाणी मारलं, पंधरा दिवसांनी खणलं तर एक नाही!

गंमत अशी की कोपऱ्यातल्या आंब्याखालची माती मस्त भुसभुशीत आहे, हाताने खणली जाते. तिथं झाडायला कुणी जात नाही, लाल मुंग्या आहेत म्हणून. बाकी अंगण मात्र आई रोज लखलखीत झाडते आणि कचरागाडी आली की सगळा पाला गाडीत.

गांडुळं मेली की पळाली? शेजारचे काका म्हणतात दोन ट्रॉली वाळू टाक, काम फत्ते. टाकू का?

देपालपूरकर: वाळू नका टाकू हो दादा. चिकण मातीत थोडी वाळू म्हणजे विटेचाच मसाला, फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल. आणि नर्सरीची ती लाल गांडुळं आयसेनिया फेटिडा असतात बहुतेक, शेणात नि कुजत्या पाल्यात वरच्यावर राहणारी. नुसत्या मातीत त्यांना खायला काय? बिळं पाडणारी गावठी गांडुळं वेगळी, ती विकत आणायची नसतात, वर पाला नि खाली ओल असली की आपली आपण येतात. डार्विनने 1881 च्या पुस्तकात हिशोब मांडलाय, इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी एकरी वर्षाला दहा टनांवर माती गांडुळांच्या पोटातून वर येते. त्या विष्ठेच्या गोळ्या पाण्यात चटकन विरघळत नाहीत, म्हणून मधे फटी राहतात आणि पाणी खाली उतरतं.

एक करा, आंब्याखालचं एक ढेकूळ आणि अंगणातलं एक, दोन्ही नीट वाळवून पाण्याच्या ग्लासात सोडा.

मी: केलं. अंगणातलं पाच मिनिटांत चिखल, आंब्याचं अर्ध्या तासानंतरही बऱ्यापैकी शाबूत! हे कसं काय?

गच्चीवाली: बुरशीचे तंतू हो, बारीक दोऱ्यासारखे मातीच्या कणांना गुंडाळून धरतात, शिवाय मुळांचा आणि जिवाणूंचा चिकट स्राव. पण हा डिंक कायमचा नसतो, जिवाणूच तो खाऊन टाकतात, त्यामुळे वरून पाला येत राहायला हवा. म्हणजे तुमचा खरा खजिना आई रोज गाडीत घालतायत 😄 स्वच्छतेत पहिला नंबर आलाय आपला, पण आंब्याचं पान काय कचरा आहे का! आणि हे इंदुरात सांगावं लागतं, जिथं 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने शेती संशोधनाची संस्था काढली आणि पाला-शेणाच्या खताची 'इंदूर पद्धत' जगभर गेली, 1931 च्या पुस्तकावर त्याच्याबरोबर यशवंत वाडांचंही नाव आहे.

देपालपूरकर: पावसाच्या तोंडावर ताग आणि तूर टाका. तुरीचं सोटमूळ खोल जातं, झाड काढताना उपटू नका, जमिनीलगत कापा, मूळ आत कुजलं की पाण्याला आयती नळी. आणि ओल्या मातीत पाय ठेवू नका, गाडी तर नाहीच. भेगा मात्र राहणार, ही माती फुगते-आकसते तो तिचा स्वभावच आहे, पाल्याखाली कमी पडतील एवढंच.

मी: आभार दोघांचे. वाळू कॅन्सल. पण आई म्हणते पाला साठवला की विंचू-साप येतात, तिला काय सांगू?

गच्चीवाली: ढीग नको, चार बोटं पसरा, भिंतीपासून हातभर लांब. आधी एकाच वाफ्यात करा आणि पावसाळ्यानंतर आईंनाच ग्लास दाखवा.