बर्चच्या रसाची घरगुती वाईन: साखरेचे प्रमाण आणि शिंदीबद्दल एक शंका

करवीरकर (कोल्हापूर) यांचा प्रश्न:

नमस्कार. येत्या मार्चमध्ये मुलीकडे स्कॉटलंडला जाणे होणार आहे. जावयांच्या स्वतःच्या जागेत रुपेरी बर्चची (थंड प्रदेशातील पांढऱ्या सालीचा वृक्ष) काही मोठी झाडे आहेत आणि पालवी फुटण्यापूर्वी त्यांचा रस काढून वाईन करण्याची तिकडे जुनी रीत असल्याचे त्यांच्याकडून कळले. साडेचार लिटरची काचेची बरणी, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारे, पण हवा आत न येऊ देणारे बूच), झाकणाची बादली, रबरी नळी आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) एवढे साहित्य त्यांच्याकडे आहे. रसात मुळात गोडी किती असते, साखर किती घालावी लागते आणि साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ चालेल का, हे जाणून घ्यायचे आहे. दुसरी शंका अशी की, आमच्या शेताच्या बांधावर शिंदीची झाडे आहेत. परत आल्यावर त्यांच्या रसावर हीच कृती करता येईल का?

एडिनबरोवासी यांचे उत्तर:

काका, मी मूळची राजारामपुरीची असून गेली काही वर्षे इथे राहते. रस काढण्यापुरते सांगते, साखरेचा हिशेब जाणकारांवर सोडते.

झाड मनगटाएवढे कोवळे नको. बुंध्याचा व्यास निदान पंचवीस सेंटिमीटर असावा. जमिनीपासून साधारण दोन-तीन फुटांवर, किंचित वरच्या दिशेने, आठ ते दहा मिलिमीटर रुंदीचे आणि तीन-चार सेंटिमीटर खोलीचे एकच छिद्र पाडून त्यात स्वच्छ नळी बसवावी आणि तिचे दुसरे टोक झाकलेल्या भांड्यात सोडावे. जमीन तापू लागली की मुळांच्या दाबाने रस वर चढतो आणि चांगल्या दिवशी एका झाडातून काही लिटर मिळतो. हा काळ दोन ते चार आठवड्यांचाच असतो. कळ्या उमलू लागल्या की रस गढूळ व कडवट होतो, तेव्हा थांबावे. एकाच झाडाच्या मागे न लागता दोन-तीन झाडांतून थोडा थोडा रस घेतलेला बरा. काम झाल्यावर छिद्रात खुंटी ठोकावी की ते उघडे ठेवावे, यावर इथल्या लोकांतही एकमत नाही. मी उघडे ठेवते.

ताजा रस पाण्यासारखा दिसतो आणि चवीलाही जवळजवळ पाणीच. तो टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवला तरी दोन-तीन दिवसांत वापरावा. बरणी भरेपर्यंत साठवायचा असेल तर गोठवून ठेवावा.

ब्रिक्सवाले (कागल) यांचे उत्तर:

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी झाल्यामुळे आकड्यांत बोलतो, त्याबद्दल क्षमस्व.

बर्चच्या रसात साखर अर्धा ते दोन टक्के असते आणि ती मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज या रूपात असते. आपल्या उसाचा रस अठरा-वीस ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे साधारण शेकडा साखर) घरात असतो, यावरून फरक लक्षात यावा. एवढ्या गोडीवर यीस्टने सगळी साखर खाल्ली तरी मद्यार्क एक टक्क्याच्या आगेमागेच राहील. म्हणजे ही वाईन खरे तर वरून घातलेल्या साखरेची. बर्च देतो तो केवळ हलका गंध आणि काही क्षार. हे आधीच मान्य केले की पुढची निराशा टळते.

हिशेब असा. एक टक्का मद्यार्कासाठी लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर लागते. एक किलो साखर विरघळल्यावर सुमारे सहाशे मिलिलिटर जागा व्यापते, हे विसरून लोक बरणी काठोकाठ भरतात. चार लिटर रस आणि नऊशे ग्रॅम साखर घेतली तर एकूण साडेचार लिटरच्या आसपास मिश्रण होते, त्याचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०८० च्या जवळ येते आणि शेवटी अकरा-बारा टक्के मद्यार्काची कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, वाईन मिळते. हायड्रोमीटरचे माप मिश्रण थंड झाल्यावरच घ्यावे. गरम पाकात ते कमी दाखवते.

साखरेपेक्षा अधिक लोक चुकतात ते आम्लतेत. या रसात आंबटपणा जवळजवळ नसतो आणि यीस्टला लागणारे नत्रही फारसे नसते. म्हणून रस साखरेसह दहा मिनिटे उकळून, गार झाल्यावर दोन मोठ्या लिंबांचा रस, मूठ-दोन मुठी चिरलेल्या मनुका, अर्धा कप कडक कोरा चहा आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात यीस्टचे पोषक मीठ घालावे. चहाचा उपयोग टॅनिनसाठी, म्हणजे तुरटपणासाठी आहे. बेकरीचे यीस्ट टाळून वाईनचे यीस्ट घ्यावे. पहिले चार-पाच दिवस फेस जोरात येतो, तेवढा काळ झाकलेल्या बादलीत ठेवावे आणि मग बरणीत ओतून एअरलॉक लावावा. तापमान अठरा ते बावीस अंश असावे.

गूळ घालू नका, हे मी गुऱ्हाळांच्या तालुक्यात राहून सांगतो आहे. गुळाचा रंग, खारटपणा आणि काकवीचा वास बर्चचा गंध पूर्ण झाकून टाकेल. साधी पांढरी साखरच योग्य.

शिंदीचे मात्र निराळे आहे. बर्चचा रस मुळांकडून वर येणारे काष्ठातील पाणी, तर ताड, माड, शिंदी यांतून झिरपतो तो पानांत तयार झालेली साखर वाहून नेणारा रस. त्यात दहा ते पंधरा टक्के साखर असते. हवेतील आणि मडक्यातील यीस्ट व जिवाणू त्यात लगेच वाढतात, म्हणून पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढेपर्यंत आंबू लागते आणि दुसऱ्या दिवशी ती शिरक्याच्या वाटेला लागलेली असते. तिथे वरची साखर किंवा यीस्ट यांची गरजच नसते. उलट आंबणे थांबवण्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात.

कसबा बावड्याचे वकील यांचे उत्तर:

शिंदीबद्दल कायद्याची बाजू सांगतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या घरी स्वतःपुरते केलेले का असेना. शिंदी, ताड किंवा माड छेदून रस काढण्यासाठीही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. झाड आपल्याच बांधावर आहे, हा बचाव होत नाही. ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठी वाईन आंबवता येते. ती विकणे किंवा ऊर्ध्वपातनाने कडक दारू काढणे तिथेही विनापरवाना चालत नाही. तेव्हा प्रयोग जावयांच्या घरीच पूर्ण करावा.

करवीरकर:

सर्वांचे आभार. शिंदीचा विचार सोडला. ब्रिक्सवाले साहेब, माझ्याकडे जुना हातातला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारे यंत्र) आहे, तो सोबत नेला तर हायड्रोमीटरऐवजी चालेल का? आणि बाटल्या कधी भराव्यात? मुक्काम मेअखेरपर्यंतच आहे.

ब्रिक्सवाले (कागल):

सुरुवातीच्या मापासाठी रिफ्रॅक्टोमीटर उत्तम. रसाचा एक थेंब पुरतो. आंबणे सुरू झाल्यावर मात्र त्यावर विसंबू नका. मद्यार्कामुळे प्रकाश अधिक वळतो आणि साखर संपलेली कोरडी वाईनसुद्धा सहा-सात ब्रिक्स दाखवते. शेवटचे माप हायड्रोमीटरचेच धरावे.

मेअखेरीस बाटल्या भरण्याची घाई करू नये. गाळ बसला की नळीने वरची वाईन दुसऱ्या बरणीत उतरवावी, तिथे कॅम्पडेनची (वाईन खराब होऊ नये म्हणून वापरतात ती सल्फाइटची) एक गोळी चुरून घालावी आणि पुन्हा एअरलॉक लावून ठेवावी. विशिष्ट गुरुत्व ०.९९५ च्या आसपास येऊन आठवडाभर हलले नाही आणि वाईन नितळ झाली, तरच बाटल्या भराव्यात; साखर शिल्लक असताना बूच मारले तर बाटली फुटू शकते. हे बहुधा आपण परतल्यानंतर होईल, म्हणून मापांची वही जावयांकडे देऊन ठेवावी. चव सहा महिन्यांनी बरी लागू लागते.