अनुभव धागा : ‘डॉनी डार्को’ पाहिला तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता?

धागाकर्ता, सोनेगाव

रविवारी भाच्यासोबत ‘डॉनी डार्को’ हा सिनेमा पुन्हा पाहिला. तो सोळाचा. जेवताना एक शब्द बोलला नाही. रात्री गच्चीवर गाद्या टाकल्यावर म्हणाला, "मामा, डॉनी आजारी होता, का त्याला खरंच दिसून राहिलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : दिग्दर्शक रिचर्ड केली, साल 2001. गोष्ट ऑक्टोबर 1988 ची, अमेरिकेतल्या एका निवांत, बंगल्यांच्या वस्तीतली. रात्री सशाच्या मुखवट्यातला एक जण डॉनीला झोपेतून उठवून बाहेर नेतो आणि सांगतो, जग संपायला 28 दिवस, 6 तास, 42 मिनिटं, 12 सेकंद उरलेत. सकाळी पोरगा गोल्फच्या मैदानावर जागा होतो, तर हातावर तेच आकडे. घरी येतो, तर त्याच्या खोलीत विमानाचं इंजिन पडलेलं.

मी एकोणिसाव्या वर्षी पाहिला. आमचं घर विमानतळाजवळ, आजोबा टपाल खात्यात. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री आपल्या नागपुरात उतरायची, थैल्यांची अदलाबदल करून परत उडायची, हे ते रंगवून सांगत. त्यामुळे रात्री विमान गेलं की मला पत्रं आठवायची. हा सिनेमा पाहिल्यावर आठवडाभर मी बैठकीत झोपलो.

शेवट कोणी फोडू नका. बाकी मोकळेपणाने लिहा.

मानेवाडा

बारावीच्या उन्हाळ्यात पाहिला. आमच्या लेआउटमध्ये तेव्हा तीन घरं, बाकी मोकळे प्लॉट. रोज संध्याकाळी समोरच्या प्लॉटवर एक माणूस गाडी लावून आमच्या फाटकाकडे पाहत बसायचा. कूलर सुरू असला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी रात्री उठून कूलर बंद करायची. घरचे घामाने जागे व्हायचे आणि रागवायचे. काऊन बंद केला, हे मात्र कोणी विचारलं नाही. जूनमध्ये पाऊस आला आणि तो माणूस दिसेनासा झाला. सिनेमात सुरुवातीलाच सगळे जेवायला बसून निवडणुकीवरून वाद घालतात ना, ते पाहताना आमचंच घर दिसलं.

मानकापूर

आमच्या स्टॉपचं नाव लोकांच्या तोंडी पागलखाना चौक. मनोरुग्णालय तिथंच. शाळेत भांडण झालं की पोरं म्हणायची, "तुले तर घराजवळच आहे."

अकरावीत मला आवाज ऐकू यायला लागला. मागून कोणीतरी माझं नाव घ्यायचं, हळूच, आईच्या आवाजात. आई तर समोर पोळ्या लाटत असायची. मी तिच्या ओठांकडे पाहत राहायचो, हलले का म्हणून. ती विचारायची, "अजून एक वाढू का?" मी हो म्हणायचो. चार महिने कोणाला बोललो नाही, त्या चौकाच्या नावापायीच.

मग मित्राच्या कॉम्प्युटरवर हा सिनेमा पाहिला. डॉनी डॉक्टर मॅडमसमोर बसून सशाबद्दल सांगतो, आणि ती ऐकते. हसत नाही. त्याच रात्री बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी सुटी टाकून मला स्कूटरवर बसवलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "झोप किती तास येते?" मी म्हणालो, तीन.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. 2004 च्या वाढीव आवृत्तीत डॉक्टर डॉनीला सांगते की त्याच्या गोळ्यांमध्ये औषध नव्हतंच. ते पाहून कोणी आपल्या गोळ्या सोडू नका. मी दोन वर्षं घेतल्या आणि त्यांनीच मी परीक्षेला बसू शकलो.

महाल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारावरून मारबत, म्हणजे इडापिडा नेणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, जाते. सोबतच्या बडग्यांचे, म्हणजे पुरुषांच्या पुतळ्यांचे, चेहरे त्या सशाहून भयंकर, तरी लहानपणी कधी घाबरले नाही. सगळी गर्दी "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सोबत असते, आणि शेवटी पुतळा जाळतात. डॉनीचा ससा डॉनीला एकट्यालाच दिसतो. तेच मला सोसलं नाही, अर्ध्यातून उठले.

बेसा

मी आई होऊन पाहिला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. डॉनी आईला विचारतो, वेडा मुलगा असला की कसं वाटतं? ती म्हणते, छान वाटतं. मी तिथंच थांबवलं आणि पोराच्या खोलीचं दार वाजवलं. "काय झालं आई?" "काही नाही." बसले थोडा वेळ त्याच्या पलंगावर. त्याने एका कानातला हेडफोन काढला.

धागाकर्ता, सोनेगाव

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. तो विचारून राहिला, मानकापूरच्या दादांचा आवाज बंद व्हायला किती दिवस लागले?

मानकापूर

दीड महिना. त्याला झोप येते का, ते आधी विचारा. आजच विचारा.