सी प्लस प्लसमध्ये बसवलेल्या पायथनला बदललेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिसत नाही : सल्ला हवा

अक्कलकोट रोड (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टेरी टॉवेल कारखान्याचे संगणकाचे काम मी पाहतो. तेथे वजनकाट्याला जोडलेला एक लिनक्स संगणक आहे आणि त्यावर सी प्लस प्लसमधील एक प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतो. गठ्ठ्याचे वजन आले की हा प्रोग्रॅम स्वतःमध्येच बसवलेल्या पायथन इंटरप्रिटरकडून (पायथनचा कोड चालवणाऱ्या भागाकडून) एक स्क्रिप्ट चालवतो आणि ती स्क्रिप्ट लेबल छापते.

पाळी बदलली की प्रोग्रॅम 'सेटएन्व्ह' हे फंक्शन वापरून 'पाळी' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे चालू प्रोग्रॅमसोबत नावाने ठेवलेल्या नोंदीची, किंमत १ वरून २ करतो. स्क्रिप्ट ती 'ओएस.एन्व्हायरॉन'मधून वाचते. तरीही काल दुपारी चारनंतर निघालेल्या प्रत्येक लेबलवर पहिलीच पाळी छापली गेली. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की लेबल बरोबर येते. आमच्याकडे मजुरी गठ्ठ्यांवर ठरते, त्यामुळे दुसऱ्या पाळीच्या कामगारांचे गठ्ठे पहिल्या पाळीच्या नावावर गेले आणि तो हिशेब मला वहीवरून हाताने दुरुस्त करावा लागला. हे पुन्हा होऊ द्यायचे नाही. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत्या ठेवण्याची खात्रीची पद्धत कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे. प्रत्येक लेबलच्या वेळी इंटरप्रिटर नव्याने सुरू करावा का, असाही विचार मनात आहे.

होटगी रोड

तुमच्या कोडमध्ये चूक नाही. चूक आहे ती 'ओएस.एन्व्हायरॉन' म्हणजे प्रत्यक्ष एन्व्हायर्नमेंट, या समजुतीत. प्रत्येक प्रोसेसजवळ, म्हणजे चालू प्रोग्रॅमजवळ, 'नाव=किंमत' अशा मजकुरांची एक यादी असते आणि सी भाषेतील 'सेटएन्व्ह' व 'गेटएन्व्ह' त्या यादीवर थेट काम करतात. पायथन मात्र सुरू होताना ही यादी एकदाच वाचतो आणि तिची नक्कल एका डिक्शनरीत (नावावरून किंमत देणाऱ्या स्वतःच्या तक्त्यात) ठेवतो; तीच 'ओएस.एन्व्हायरॉन'. त्यानंतर सी प्लस प्लसच्या बाजूने मूळ यादीत काहीही बदलले, तरी त्या डिक्शनरीपर्यंत काही पोहोचत नाही. 'ओएस.गेटएन्व्ह' हे नाव सीच्या फंक्शनसारखे असले, तरी तेसुद्धा याच डिक्शनरीत पाहते, आणि नेमके येथेच बहुतेकांची फसगत होते.

खात्री करायची असेल तर पाळी बदलल्यानंतर स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घाला. पहिलीत 'ओएस.एन्व्हायरॉन'मधील 'पाळी' छापा आणि दुसरीत 'ओएस.सिस्टिम'मार्फत 'प्रिंटएन्व्ह पाळी' ही आज्ञा चालवा. पहिली ओळ १ दाखवेल आणि दुसरी २, कारण नवी प्रोसेस जन्मते ती मूळ यादी घेऊन.

उलट दिशेने मात्र अडचण येत नाही. पायथनमध्ये 'ओएस.एन्व्हायरॉन'ला किंमत दिली की तो डिक्शनरीही बदलतो आणि सीचे फंक्शन बोलावून मूळ यादीही बदलतो. म्हणून तुमच्यासाठी सर्वांत सरळ उपाय असा की, सी प्लस प्लसमधून 'सेटएन्व्ह' करू नका. पायथनच्या सी एपीआयने (सीमधून पायथन हाताळण्यासाठी दिलेल्या फंक्शनांनी) 'ओएस' मॉड्यूलमधील 'एन्व्हायरॉन' हे ऑब्जेक्ट घ्या आणि नवी किंमत त्यालाच द्या, म्हणजे दोन्ही ठिकाणी एकच किंमत राहील. हे काम दुसऱ्या थ्रेडमधून (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यातून) होत असेल, तर आधी जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप, घ्यायला विसरू नका. 'ओएस.पुटएन्व्ह' मात्र टाळा, कारण ते फक्त मूळ यादी बदलते आणि डिक्शनरी तशीच जुनी राहते.

पायथन ३.१४ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीत, 'ओएस.रीलोड_एन्व्हायरॉन' हे फंक्शन आले असून ते डिक्शनरी मूळ यादीवरून पुन्हा भरते. जुन्या आवृत्तीत हेच हाताने करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: केवळ 'अपडेट' केल्याने नव्या व बदललेल्या नोंदी येतात, पण मूळ यादीतून काढून टाकलेले व्हेरिएबल डिक्शनरीत तसेच राहते, म्हणून काढलेल्या नोंदी वेगळ्या शोधून पुसाव्या लागतात.

प्रत्येक लेबलला इंटरप्रिटर बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सीमध्ये लिहिलेली काही एक्स्टेन्शन मॉड्यूल दुसऱ्यांदा सुरू झाल्यावर नीट चालत नाहीत आणि प्रत्येक वेळी थोडी मेमरी मोकळी न होता उरते. दिवसरात्र चालणाऱ्या प्रोग्रॅमला ते परवडणारे नाही.

साखर पेठ

वरील उत्तर बरोबर आहे, पण मी थोडा वेगळा सल्ला देईन. पाळी ही दिवसातून अनेकदा बदलणारी माहिती आहे. ती एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवूच नये. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, ही सोय आली ती नव्या प्रोसेसला सुरुवातीची शिदोरी बांधून देण्यासाठी. चालू प्रोग्रॅमच्या दोन भागांनी एकमेकांना निरोप द्यावेत यासाठी ती केलेली नाही. लेबल छापणाऱ्या पायथन फंक्शनला वजन देताच ना? त्याच्याच शेजारी पाळी हा आणखी एक आर्ग्युमेंट द्या. मग जुळवून घेण्यासारखे काही उरतच नाही.

याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एक थ्रेड 'सेटएन्व्ह' करत असताना दुसरा 'गेटएन्व्ह' करत असेल, तर ते सुरक्षित असल्याची हमी पॉसिक्स हे युनिक्ससारख्या प्रणालींचे प्रमाण देत नाही. यादीची जागा मेमरीत हलू शकते आणि वाचणाऱ्याच्या हाती जुना पत्ता राहतो. महिनोन्महिने काही होत नाही आणि मग एखाद्या रात्री प्रोग्रॅम कोसळतो. अशी चूक शोधून काढणे फार जिकिरीचे असते. वर सांगितलेले 'रीलोड_एन्व्हायरॉन'ही या बाबतीत सुरक्षित नाही.

शिवाय काही व्हेरिएबल डिक्शनरीत जुळले तरी त्यांचा परिणाम होत नाही. मॉड्यूल कोठे शोधायची हे सांगणारा 'पायथनपाथ' इंटरप्रिटर सुरू होतानाच वाचला जातो. नंतर बदल हवा असेल तर 'सिस.पाथ' बदलावा लागतो. वेळेचा विभाग सांगणारा 'टीझेड' बदलल्यावर 'टाइम.टीझेडसेट' बोलवावे लागते. लायब्ररी कोठे शोधायच्या हे सांगणारा 'एलडी_लायब्ररी_पाथ' तर प्रोसेस उभी राहतानाच वाचला गेलेला असतो. म्हणून किंमत कोठे ठेवली आहे याबरोबरच ती कोण आणि केव्हा वाचतो, हेही पाहावे लागते.

जुळे सोलापूर

आमच्याकडे अशीच रचना विंडोजवर आहे, म्हणून भर घालतो. तेथे प्रती दोन नसून तीन होतात: विंडोजने प्रोसेससाठी ठेवलेली, सी रनटाइमने (सीच्या मूलभूत फंक्शनांच्या लायब्ररीने) स्वतःजवळ ठेवलेली आणि पायथनच्या डिक्शनरीतील. विंडोजचे 'सेटएन्व्हायर्नमेंटव्हेरिएबल' हे फंक्शन फक्त पहिली बदलते. त्यातच मुख्य प्रोग्रॅम आणि पायथनची डीएलएल (विंडोजवरील लायब्ररीची फाइल) वेगवेगळे रनटाइम वापरत असतील, तर प्रत्येक रनटाइमची आणखी एक प्रत असते. तेथे सीची फंक्शन बोलावू देणाऱ्या पायथनच्या 'सीटाइप्स' मॉड्यूलमधून 'गेटएन्व्हायर्नमेंटव्हेरिएबलडब्ल्यू' बोलावून थेट विंडोजलाच विचारणे आम्हाला खात्रीचे वाटले.

भाषा बदलल्याने प्रश्न सुटेल का, असे कोणी विचारील म्हणून सांगतो: लुआचे 'ओएस.गेटएन्व्ह' प्रत्येक वेळी सीलाच विचारते, त्यामुळे तेथे नक्कल जुनी होण्याचा प्रश्न येत नाही, पण प्रमाण लुआत किंमत बदलण्याची सोय नाही. पर्लचा 'एन्व्ह' हॅश (पर्लमधील डिक्शनरी) पायथनप्रमाणेच सुरुवातीला भरला जातो. थ्रेडचा धोका मात्र यातील कोणतीही भाषा घेतली तरी टळत नाही.

अक्कलकोट रोड (धागाकर्ता)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आधी होटगी रोड यांची दोन ओळींची चाचणी करून पाहिली. चार वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर वर १ आणि त्याखाली २ असे दोन आकडे आले, तेव्हा सगळा घोळ डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यानंतर साखर पेठ यांच्या सल्ल्याप्रमाणे 'सेटएन्व्ह'ची ओळ काढून टाकली आणि पाळी फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून दिली. प्रिंटरचे नाव व लेबलचा आकार या दोन गोष्टी दिवसभर बदलत नाहीत, म्हणून त्या एन्व्हायर्नमेंटमध्येच राहू दिल्या आहेत आणि त्या इंटरप्रिटर सुरू होण्यापूर्वीच भरल्या जातील असे केले आहे.

आज चार वाजता मी वजनकाट्याजवळच उभा होतो. चारनंतरच्या पहिल्या गठ्ठ्याच्या लेबलवर दुसरी पाळी छापून आली. रात्रपाळी सुरू होताना पुन्हा एकदा जाऊन पाहणार आहे.